भिंतीतली खारफुटी

समोरच्या भिंतीकडे जरा बघा बरं. कोणतीही भिंत चालेल. आता मनातल्या मनात तिच्या मधोमध एक मोठं चौकोनी भोक पाडा. घाबरू नका, मनातली भिंत आहे, कोणी रागावणार नाही. त्या भोकात काचेची टाकी बसवा, मासे पाळतात तसली, पण चांगली खाटेएवढी लांब. टाकीच्या वर, काच संपते आणि भिंत पुन्हा सुरू होते तिथे, दोन वीत मोकळी जागा सोडा. तिच्यातून हात जाईल, आवाज जाईल, शिवी तर सहज जाईल. झालं? आता भिंतीच्या अलीकडे एक माणूस उभा करा आणि पलीकडे त्याचा सख्खा भाऊ. दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही, आणि मध्ये आहे स्वच्छ काच.

असं एक घर होतं. आधी ते एकच होतं. मग भांडण झालं, आणि मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. कपाटं वाटली, भांडी वाटली, छत्र्यासुद्धा वाटल्या. टाकीचं मात्र जमेना. मोठा भाऊ काचा कापायचं काम करायचा. टाकी त्याने जोडली होती. धाकटा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. टाकीखालचा लोखंडी स्टँड त्याने वेल्ड केला होता.

"काच माझी आहे," मोठा म्हणाला. "स्टँडवरून उचलून नेतो."

"ने की," धाकटा म्हणाला. "पण स्टँडला हात लागला तर याद राख."

टाकी उचलायला चार हात हवेत, आणि चार हात एकत्र यायला तयार नव्हते. म्हणून भिंत टाकीपर्यंत येऊन थांबली, टाकीला वळसा घालून वर चढली आणि पुढे गेली. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मासे काही दिवस दोन्हीकडे बघत पोहत राहिले. खायला कोणी घालायचं यावरून वाद झाला आणि मासे मेले.

मोठ्या भावाला एक मुलगी होती. आई परगावी नोकरीला होती, महिन्यातून एकदा यायची. या मुलीचं नाव तुम्हाला नाही सांगत, कारण घरात ते कोणी घेतच नसे. सगळे तिला टपाल म्हणत. हे नाव पलीकडच्या काकूने ठेवलं होतं. दोन भावांना काही कळवायचं असलं की दोघेही या मुलीलाच पाठवत.

"आमच्याकडे बाई टपाल घरपोच येतं," काकू शेजारणीला सांगायची. "तिकीटही लागत नाही. फक्त मजकूर वाईट असतो."

टपालचं अभ्यासाचं टेबल टाकीला लागून होतं. वाटणीत खिडकी काकाकडे गेली होती. या बाजूला उजेड यायचा तो टाकीतूनच, काच आणि पाणी ओलांडून, थोडा हिरवट, थोडा हलता. टाकी नसती तर ते टेबल म्हणजे कोळशाची कोठी. हे लक्षात ठेवा, कारण टपाल ते कधीच विसरत नसे.

एकदा विज्ञानाच्या बाईंनी वर्ग खाडीवर नेला. तिथे त्यांनी खारफुटी दाखवली. ही झाडं पाय वर करून चिखलात उभी असतात, तुम्ही पाहिली असतील. बहुतेक झाडांचं बी आधी जमिनीवर पडतं आणि मग रुजतं. खारफुटीतल्या काही झाडांचा जमिनीवर तेवढा विश्वास नसतो. खाली चिखल, आज भरती, उद्या ओहोटी, कोण भरवसा ठेवणार? म्हणून त्यांचं बी आईच्या अंगावरच रुजतं. फांदीला लांब हिरव्या काड्या लोंबायला लागतात, खालून टोकदार, अगदी पेन्सिलीसारख्या. पेन्सिल पुरती तयार झाली की सुटते, आणि चिखल मिळेल तिथे रुतते.

गळून पडलेल्या चार पेन्सिली टपालने बाईंना विचारून घरी आणल्या.

"बाबा, टाकीत लावू?"

"त्याला चालेल का?"

"नाही चालणार बहुतेक."

"मग लाव," बाबा म्हणाले.

ती पलीकडे गेली. काका इंजिनाचा कुठला तरी काळा भाग मांडीवर घेऊन पुसत होता.

"चिखल घालणार त्यात?" त्याने विचारलं.

"हो. खूप."

"बापाच्या काचेला डाग पडतील."

"पडतील."

"धक्क्यावरून समुद्राचं पाणी मी आणून देतो," काका म्हणाला. "डबाभर पुरेल ना?"

अशी झाडं लागली. तळाला चिखल आणि वाळू, वर अर्धं समुद्राचं आणि अर्धं नळाचं पाणी, बाईंनी सांगितलं तसं. तीन पेन्सिली तिने चिखलात रोवल्या. डोकी पाण्याच्या वर राहतील एवढं पाणी ठेवलं. चौथीला जागा उरली नाही, ती सुटीच सोडली. ती बुडाली नाही. टोक खाली करून पाण्यात ताठ उभी राहिली आणि टाकीभर हळूहळू फिरायला लागली, पहारेकऱ्यासारखी.

काही आठवड्यांनी तिन्ही पेन्सिलींना वर पानं फुटली, जाड आणि चकचकीत. पानं उजेडाकडे वळतात, ती काकाच्या खिडकीकडे झुकली. एका सकाळी टपालने पाहिलं तर सगळ्यात पुढची दोन पानं कापलेली होती, सरळ रेषेत, भिंतीच्या बरोबर मध्यावर.

"काका, पानं का कापली?"

"माझ्या हद्दीत आली होती."

"झाडाला काय कळतं हद्द?"

"म्हणून तर कापली. आता कळेल."

टपालने त्याच्या पायाशी ठेवलेल्या खिळ्यांच्या डब्याला लाथ मारली आणि पळाली. भांडण काय फक्त मोठ्यांनाच येतं?

त्यावर बाबांचा निरोप गेला. काकाचा उलटा आला. मग काकाने फर्मान काढलं. ऐका ते, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. "सांग बापाला," तो म्हणाला, "झाडं जगली तर टाकी राहील. एक जरी मेलं तरी टाकी फोडणार आणि भोक विटांनी बुजवणार. मला रोज त्याच्या घरातली भांडी बघायची हौस नाही."

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "मान्य आहे. मरणार नाहीत."

टपालला कोणी विचारलं नाही. उजेड तिचा होता, झाडं तिची होती, आणि पैज या दोघांची होती. वर पाण्याला हात लावायची तिला बंदी झाली, कारण एकदा पाण्याचा मग सांडून काकाची गादी भिजली होती. पाण्याचं आम्ही बघू, असं दोन्हीकडून बजावण्यात आलं.

आता निरोपांचं सांगतो. सुरुवातीला टपाल निरोप अगदी शब्दाला शब्द पोचवायची. एकदा बाबा म्हणाले, "सांग त्याला, गंजलेल्या इंजिनांत राहून डोकंही गंजलंय तुझं." तिने तसंच सांगितलं. काकाने हातातला पाना जमिनीवर आपटला.

"लाज नाही वाटत? काकाशी असं बोलतात?"

"मी नाही, बाबा म्हणाले."

"तोंड कोणाचं होतं? तुझंच ना? मग सांग त्याला, काचा कापतो आणि स्वतःची अक्कलही सोबत कापतो."

ती इकडे येऊन तेही बोलली. बाबांनी डोळे वटारले. "काय बोलतेस हे? तोंड आहे की गटार?"

शिव्या दोघांच्या आणि बोलणी हिला. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी टपालने एक युक्ती काढली. निरोप मिळाला की मान डोलवायची, दारातून बाहेर पडायचं, जिन्याखाली सायकलीच्या मागे जरा वेळ बसायचं आणि परत येऊन सांगायचं, "बरं म्हणाले."

बस. एवढंच. बाबांना "बरं म्हणाले" आणि काकालाही "बरं म्हणाले".

घर शांत झालं. पण शांततेनेही कोणाचं समाधान होईना.

"बरं म्हणाला?" बाबा संशयाने विचारत. "नुसतं बरं? काहीतरी शिजतंय त्याच्या डोक्यात."

पलीकडे काका काकूला म्हणायचा, "हल्ली फार गोड झालाय तो. नक्की वकिलाकडे गेला असणार."

आणि टपाल जिन्याखाली बसून शेंगदाणे खायची. तिचं चुकलं का? थांबा, लगेच हो म्हणू नका. दोन मोठी माणसं एका लहान मुलीच्या जिभेवर आपलं विष ठेवून पाठवत होती. तिने ते गिळलं. पण गिळताना तिने एक गोष्ट केली नाही. निरोपात विष किती आणि कामाचं किती, हे तिने निवडून बघितलं नाही.

उन्हाळा वाढला. टाकीतलं पाणी आटायला लागलं. आणि हिरव्या पानांना पिवळे डाग पडले. मग एका झाडाची पानं एकेक करून गळली. रोवलेली पेन्सिल काळपट पडली. टपालने नखाने साल जरा खरवडली, आत तपकिरी होतं. हिरवं असतं तर जीव आहे, तपकिरी म्हणजे संपलं.

काकाने काचेतून पाहिलं आणि तो बाहेर गेला. दुपारी त्याच्या खोलीत विटा येऊन पडल्या. गवंडी उद्या सकाळी येणार होता.

टपाल टाकीसमोर बसून राहिली. डोळ्यांत पाणी होतं की राग, सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. तेव्हा तिचं लक्ष चौथ्या पेन्सिलीकडे गेलं. ती पहारेकरीण ताठ उभी असायची. आज ती पाण्यावर सपाट आडवी पडली होती.

मेली म्हणून? टपालने ती उचलली, टोक खरवडलं. आत हिरवीगार. जिवंत पेन्सिल आडवी का होईल?

तिने बादलीत नळाचं पाणी घेतलं आणि पेन्सिल त्यात सोडली. पेन्सिल टोक खाली करून उभी राहिली, इतकी खोल की शेंडाच तेवढा वर. तिने मूठभर मीठ टाकून ढवळलं. पेन्सिल जरा वर आली. आणखी मूठ. पेन्सिल कलली. मुठीमागून मुठी टाकत गेल्यावर ती सपाट आडवी झाली, टाकीत होती तशी.

तुम्हीही हे अंडं घेऊन करून बघू शकता, फक्त आधी घरी विचारा. पाणी जितकं खारट तितकं ते जड, आणि जड पाणी वस्तूला जास्त वर उचलतं. समुद्रात पेन्सिल आडवी तरंगत दूर जाते. खाडीत गोडं पाणी मिसळलं की ती उभी राहते आणि टोक चिखलात रुतवते. तिला जणू कळतं, इथे राहायला हरकत नाही. टाकीतली पेन्सिल आज सांगत होती की इथे राहता येणार नाही.

पण मीठ आलं कुठून? टपालने टाकीची कड पाहिली. पाण्याच्या रेषेवर पांढरी पापडी धरली होती. तिने ती चाटली. तुम्ही मात्र असलं काही चाटत जाऊ नका. पापडी मिठाची होती. पाणी उन्हाने उडून जातं, मीठ काही उडत नाही. ते तिथेच बसून राहतं.

आणि मग तिला आठवलं. सगळं एकदम नाही, एकेक करून.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाबा म्हणाले होते, "सांग त्याला, पाण्यात मीठ मिसळूनच घालतोय मी. त्याने मिठाला हात लावू नये." ती जिन्याखाली बसली होती आणि "बरं म्हणाले" सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात काका म्हणाला होता, "तुझा बाप स्वयंपाकघरातून तांब्याने नुसतं नळाचं पाणी आणून ओततो. अडाणी. सांग त्याला, मिठाचं मी बघतो, रोज टाकतो." ती जिन्याखाली बसली होती. "बरं म्हणाले."

एकाने रोज मीठ घातलं. दुसऱ्याने त्याच्यावर रोज मीठ घातलं. मुळात आटलेल्या पाण्याच्या जागी नुसतं नळाचं पाणी हवं होतं. मीठ दोघांचंही नको होतं.

सकाळी गवंडी आला. त्याने काकाच्या बाजूला घमेल्यात सिमेंट आणि वाळू कालवली, थापी हातात घेतली आणि टाकीकडे बघितलं.

"ही आधी काढा," तो म्हणाला. "आणि लवकर ठरवा. माल थांबत नाही, सुकून जातो."

"काढणार नाही," बाबा या बाजूने म्हणाले. भावाला नाही हं, भिंतीला.

"एक झाड मेलंय," काका त्या बाजूने म्हणाला. तोही भिंतीलाच.

"बाबा, तुम्ही रोज मीठ टाकत होता ना?" टपालने मोठ्याने विचारलं, वरच्या मोकळ्या जागेतून पलीकडे जाईल असं.

"टाकत होतो. समुद्राचं झाड आहे. त्याला काय साखर घालू?"

मग काका काचेजवळ आला, इतका की त्याचं नाक काचेला लागलं.

"तू मीठ टाकत होतास?" तो थेट भावाला म्हणाला. भिंत झाल्यापासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. "अरे मूर्खा, मीठ तर मी टाकत होतो!"

"तुला कोणी सांगितलं होतं टाकायला?"

"तुला कळत नाही म्हणून टाकत होतो!"

"म्हणजे झाड तू मारलंस!"

"तू मारलंस! मी निरोप पाठवला होता, मिठाचं मी बघतो म्हणून! तू बरं म्हणालास!"

"मी? मी कधी? मीच निरोप पाठवला होता! बरं तू म्हणालास!"

दोघेही थांबले. दोघांनी एकदमच मान वळवली. काचेच्या दोन्ही बाजूंनी चार डोळे टपालवर येऊन थांबले.

"आणि तू?" बाबा म्हणाले.

"तू सांगितलं नाहीस?" काका म्हणाला. "झाड हिने मारलं बघ."

"हिनेच," बाबा म्हणाले.

किती दिवसांनी दोघे भाऊ एका बाजूला आले होते, आणि ती बाजू तिच्या विरुद्ध होती. काकू मागून म्हणाली, "वा! हिच्यावर ओरडायला बरं एकमत होतं तुमचं." पण तिचं कोणी ऐकलं नाही.

टपाल स्टुलावर चढली.

"सांगते ना," ती म्हणाली. "सगळं टपाल आजच देते. काका, बाबांनी सांगितलंय, तुझी नजर भुकेल्या कावळ्यासारखी आहे. बाबा, काका म्हणालाय, लहानपणी आईने तुमच्याऐवजी दगड पाळला असता तर तो जास्त उपयोगी पडला असता. काका, बाबांनी सांगितलंय..."

"पुरे," काका म्हणाला.

"अजून खूप आहेत."

"पुरे म्हटलं ना!" बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. स्वतःचेच शब्द, पण पोरीच्या तोंडून, आणि गवंड्यासमोर.

"पाणी बदलायचंय," ती म्हणाली. "बादली द्या."

कोणी हललं नाही. आधी जो बादली आणेल तो हरला, असं दोघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"झालं का तुमचं?" गवंडी म्हणाला. "माल सुकतोय."

टपालने पाण्याचा मग उचलला आणि टाकीत बुडवला. भरलेला मग तिने स्वतःच्या बाजूला, सरळ जमिनीवर ओतला. बाबांचे पाय भिजले. दुसरा मग भरला, मोकळ्या जागेतून हात पलीकडे घातला आणि काकाच्या जमिनीवर ओतला. काका मागे सरकला. तिसरा मग तिने नेम धरून थेट सिमेंटच्या घमेल्यात ओतला.

"अगं ए!" गवंडी ओरडला. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "खारं आहे हे! हा माल आता भिंतीला चालायचा नाही, पोपडे सुटतील. टाका फेकून." त्याने थापी पिशवीत घातली. "आधी घरातलं भांडण बुजवा, मग मला बोलवा. भोकाचं काय, ते कुठे पळत नाही."

तो गेला. विटा तशाच राहिल्या. काका म्हणाला, "बघितलंस पोरीचे गुण?" बाबा म्हणाले, "तुझ्यावर गेलीय." काकू पदर खोचून फरशी पुसायला लागली आणि दोघांनाही ऐकू जाईल अशी पुटपुटायला लागली. कोणी कोणाला माफ केलं नाही. त्या घरात तशी पद्धतच नव्हती.

टपालने त्यातल्या कोणाकडेही बघितलं नाही. एक मग इकडे, एक मग तिकडे, असं ती खारं पाणी काढत राहिली. पलीकडे कुठेतरी बादलीची कडी वाजली, मग अलीकडेही वाजली. तरी तिने वर बघितलं नाही. पाणी पुरेसं खाली गेल्यावर तिने नळाचं साधं पाणी आणलं आणि उरलेल्या दोन झाडांच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं. मग बादलीत ठेवलेली चौथी पेन्सिल उचलून टाकीत सोडली.

पेन्सिल आडवीच पडली. मग तिचं टोक किंचित खाली गेलं.

टपालने मग पुन्हा भरला.